फोन बंद पडला तर विचारायचं कुणाला? तारेपासून टॉवरपर्यंतची गोष्ट



आम्ही महाडच्या एमआयडीसीच्या आसपासच्या गावांतल्या बचत गटांच्या बाया. कुणी बिरवाडीच्या अंगाच्या, कुणी पोलादपूरकडच्या वाड्यांवरच्या. आमच्या बऱ्याच जणींच्या घरचं माणूस कंपनीत कामाला आहे, आणि जवळजवळ प्रत्येकीचं कुणी ना कुणी मुंबईला आहे. म्हणजे आमचं अर्धं घर फोनवर चालतं असं म्हटलं तरी चालेल.

मागच्या पावसाळ्यातली एक रात्र. लाईट संध्याकाळीच गेली होती. नऊच्या सुमारास फोनची रेंजही गेली. अकरा वाजता एमआयडीसीच्या बाजूने भोंगा वाजला. सेकंड शिफ्टची माणसं सुटायची वेळ झाली होती आणि थर्डची आत जात होती. आम्ही फोन लावायला घेतले, तर एकही लागेना. काही जणी कंदील घेऊन वरच्या माळावर गेल्या, कारण तिथे कधीकधी एखादी दांडी मिळते. त्या रात्री तिथेही मिळाली नाही. पहाटे माणसं घरी आली तेव्हा कळलं की एका कंपनीत बारीकशी आग लागली होती आणि ती लगेच विझलीही होती. कुणाला काही झालं नव्हतं. पण पहाटेपर्यंत आम्हाला ते माहीत नव्हतं. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी याच वसाहतीत औषधांच्या कारखान्यात स्फोट होऊन ११ कामगार गेले, ते आम्ही कुणी विसरलेलो नाही. त्यामुळे त्या रात्री आमच्या मनात काय काय येऊन गेलं असेल, ते तुम्हाला सांगायला नको.

पुढच्या गटाच्या बैठकीत आमच्या सीआरपीताईंनी एकच प्रश्न विचारला. "रेंज गेली, तर तक्रार केलीत का?" सगळ्या गप्प. मग एक काकू म्हणाल्या, "करायची कुणाकडे? टॉवरला जाऊन सांगायची?" सगळ्या हसलो, पण प्रश्न खरा होता. तेव्हापासून आम्ही थोडं वाचलं, जुन्या बायांना विचारलं, चार ठिकाणी फोन केले. फोन आमच्याकडे कसा आला आणि तो बंद पडला तर विचारायचा हक्क कसा आला, ही गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहोत.

सुरुवात तारेपासून करू. आपल्या देशात तारा ओढायचं काम १८५०च्या दशकात सुरू झालं आणि मुंबई कलकत्त्याशी तारेने जोडली गेली. मुंबईत टेलिफोनचं पहिलं एक्स्चेंज २८ जानेवारी १८८२ला उघडलं. त्यानंतर तीन वर्षांनी, १८८५ साली इंग्रज सरकारने तार कायदा केला. तार आणि फोन या गोष्टींवर मालकी सरकारची, असं त्या कायद्याने पक्कं केलं. हा १८८५चा कायदा लक्षात ठेवा, कारण तो आपल्या गोष्टीत थेट आजकालपर्यंत येणार आहे.

आमच्या डोंगरातल्या वाड्यांना मात्र फोन माहीतच नव्हता. माणसं मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत. घरी येणार ती मनीऑर्डर, पत्र, आणि कधीतरी तार. आमच्यातल्या एका आजींनी सांगितलं, तार आली म्हणजे वाचायच्या आधीच घरात रड सुरू व्हायची. कारण चांगल्या बातमीसाठी तारेचे पैसे कोण घालवणार? तार वाचायला येत नसे, ती पोस्टमन नाहीतर गुरुजी वाचून दाखवायचे. तार उशिरा आली, चुकीची आली, तर जाब विचारणं कुणाच्या मनातही यायचं नाही. सरकारी तार ती. पाऊस उशिरा आला म्हणून कुणी तक्रार करतं का, तसंच ते. ही तारसेवा जुलै २०१३मध्ये कायमची बंद झाली.

मग फोन आले, पण ते तालुक्याच्या गावी. पोस्टात, दवाखान्यात, एखाद्या व्यापाऱ्याकडे. मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल लावायचा आणि तासन् तास बसून राहायचं. घरी फोन हवा म्हणून अर्ज केला तर वर्षानुवर्षं नंबर लागायचा नाही. १९८०च्या सुमारास दळणवळण मंत्री सी. एम. स्टीफन यांनी संसदेत सांगितलं होतं की टेलिफोन ही चैनीची वस्तू आहे, ज्यांना सेवा पसंत नाही त्यांनी फोन परत करावा, घ्यायला रांग लागलेली आहे. म्हणजे ज्याच्याकडे फोन होता त्यालाही तक्रारीची सोय नव्हती. ज्याच्याकडे नव्हताच, त्याचं तर नावच नको.

पण त्याच काळात महाराष्ट्रात दुसरी एक गोष्ट घडत होती, आणि ती बायांनी घडवली होती. १९७२च्या दुष्काळात आणि महागाईत मुंबईच्या बाया हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर त्यांच्या पुढे होत्या. रेशनवर तेल, साखर, धान्य का मिळत नाही, हे त्यांनी मंत्र्यांना विचारलं. त्यानंतर १९७४मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. पैसे मोजून वस्तू घेतो किंवा सेवा घेतो तो ग्राहक, आणि त्याला जाब विचारायचा हक्क आहे, हा विचार तिथून गावोगाव गेला. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायदा झाला. म्हणून तर २४ डिसेंबर हा आपण राष्ट्रीय ग्राहक दिन पाळतो. खराब मिक्सर असो की बुडवलेलं बुकिंग, जिल्ह्याच्या ग्राहक मंचात वकिलाशिवाय जाता येऊ लागलं.

याच सुमारास आमच्याकडे एमआयडीसी उभी राहत होती. रसायनांचे कारखाने आले, त्यांची ऑफिसं आली, तिथे फोन आले. महाडच्या बाजारात, पोलादपूरच्या नाक्यावर पिवळ्या पाटीची एसटीडी बूथ झाली. रात्री दर कमी व्हायचा, म्हणून माणसं जेवून बूथवर रांग लावायची. आमच्यातल्या एका ताईंनी लग्नानंतरची पहिली चार वर्षं नवऱ्याशी बोलणं असं बूथवरूनच केलं. काचेच्या दाराआड उभं राहायचं, आणि बोलताना डोळे मीटरच्या लाल आकड्यावर. लाईन मध्येच तुटली तरी बिल व्हायचं ते व्हायचंच. बूथवाला म्हणायचा, "वहिनी, मी काय करू? मशीनने दाखवलंय."

१९९५मध्ये देशात मोबाईल आला. सुरुवातीला तो बड्या लोकांचा. आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. १९९७मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, स्थापन झालं. १ ऑक्टोबर २००० रोजी सरकारी टेलिफोन खात्याची बीएसएनएल कंपनी झाली. २००३मध्ये येणारे फोन फुकट झाले, आणि तिथून मोबाईल खरा आमच्याकडे आला. मिस्ड कॉल द्यायचा, मग मुंबईहून फोन यायचा. पैसा न खर्चता बोलायची ती युक्ती बायांनीच सगळ्यात आधी पक्की केली असेल.

आता आमच्या तालुक्यांनी जे भोगलं, ते सांगायला हवं.

जुलै २००५. शेवटच्या आठवड्यातला तो पाऊस. महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडीवते इथे डोंगर खाली आले आणि शंभराहून अधिक माणसं गाडली गेली. त्याच पावसात मुंबई बुडाली होती. इकडचा फोन बंद, तिकडचा फोन बंद. मुंबईत गेलेल्या लेकरांना घरचं कळेना, घरच्यांना लेकरांचं कळेना. रस्ता उघडल्यावर माणूस प्रत्यक्ष येऊन उभं राहील तेव्हाच बातमी, असे ते दिवस होते.

२ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि दुसरी वाहनं पाण्यात गेली. तिथे जवळच काम करणाऱ्या माणसांनी पुढच्या गाड्या अडवल्या आणि पोलिसांना कळवलं, म्हणून आणखी बळी गेले नाहीत. २८ जुलै २०१८ला पोलादपूरच्या आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत कोसळली. एक जण कसाबसा वर चढून रस्त्यावर आला, तेव्हा बाहेर कळलं. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. जिल्ह्यात कितीतरी गावं दिवसेंदिवस विजेविना आणि फोनविना राहिली. ते करोनाचं वर्ष. शाळा फोनवर भरणार असं सांगितलेलं, आणि फोन मेलेला.

आणि २२ जुलै २०२१. महाड पाण्याखाली होतं. त्या संध्याकाळी तळिये गावातल्या कोंडाळकरवाडीवर डोंगर कोसळला. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरड आली. तळियेत ऐंशीहून अधिक माणसं गेली. वीज, रस्ता आणि फोन तिन्ही एकदम गेले होते. पहिली मदत आली ती शेजारच्या वाड्यांतल्या माणसांची, हातात घमेली आणि फावडी घेऊन. मोठी पथकं दुसऱ्या दिवशी पोचली. फोन चालू असता तर किती जीव वाचले असते, हे आम्ही सांगू शकत नाही. पण रेंज जाणं ही आमच्याकडे साधी गैरसोय नाही, एवढं मात्र आम्ही छातीवर हात ठेवून सांगतो.

आता तुम्ही विचाराल, फोन असा एकदम जातो कसा? आम्हीही हे विचारलं. टॉवर म्हणजे नुसता खांब नसतो. त्याला महावितरणची वीज लागते. वीज गेली की खाली ठेवलेल्या बॅटऱ्यांवर तो काही तास चालतो. त्यानंतर डिझेलचा जनरेटर. बॅटऱ्या जुन्या झाल्या असतील, डिझेल संपलं असेल आणि गाडी घाटात अडकली असेल, तर टॉवर मुका. दुसरं म्हणजे टॉवरपासून पुढे मोठ्या केंद्रापर्यंत फायबरची केबल जाते, नाहीतर डिशने दुसऱ्या टॉवरशी जोड असते. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात जेसीबीने ती केबल तोडली, की उभ्या टॉवरचाही उपयोग नाही. तिसरं, एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्यांची यंत्रं असतात, म्हणून एकदम सगळ्यांचीच रेंज जाते. आणि चौथा आपला सह्याद्री. मोबाईलच्या लहरी डोंगर ओलांडत नाहीत. सावित्रीच्या खोऱ्यातली एखादी वाडी वळणाआड असली, की तिला अर्धवटच रेंज.

म्हणजे पाऊस आणि डोंगर आपल्या हातात नाहीत हे खरं. पण बॅटरी बदलणं, वेळेवर डिझेल ठेवणं, केबलला दुसरी वाट ठेवणं, हे माणसाच्या हातातलं आहे. त्याचे पैसे आपण दर महिन्याला रिचार्जमधून देतो.

मग तक्रारीचं काय झालं, ते ऐका. ग्राहक कायदा झाला तरी फोनच्या बाबतीत तो १८८५चा तार कायदा आडवा आला. केरळमधल्या एका ग्राहकाचा फोन बिलावरून तोडला होता. तो ग्राहक मंचात गेला, मंचाने त्याला भरपाई दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १ सप्टेंबर २००९ रोजी न्यायालयाने सांगितलं की तार कायद्यात अशा वादासाठी लवादाची तरतूद आहे, म्हणून ग्राहक मंचाकडे जाता येणार नाही. लवाद म्हणजे सरकार नेमेल तो मध्यस्थ. सामान्य माणसाला तो कुठे सापडणार? देशभर मंचांमधून फोनच्या तक्रारी परत पाठवायला लागले. ज्या वर्षांत मोबाईल गावोगाव पोचत होता, त्याच वर्षांत तक्रारीचं जवळचं दार बंद झालं.

तरी दोन गोष्टी झाल्या. जानेवारी २०११पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय आली. आणि २०१२मध्ये ट्रायने तक्रारींचे नियम केले. त्या नियमांनी प्रत्येक कंपनीला तक्रार केंद्र ठेवणं भाग पडलं. तक्रार केली की तिचा नंबर द्यायचा, त्याला डॉकेट नंबर म्हणतात. त्या तक्रारीने समाधान झालं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करायचं. अपिलाला पैसे लागत नाहीत, आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत द्यायचा. एक गोष्ट मात्र समजून घ्या. ट्राय नियम करतं, पण तुमची-माझी एकेक तक्रार ते सोडवत नाही. ती कंपनीकडेच करावी लागते.

बंद झालेलं ते दार साडेबारा वर्षांनी उघडलं. अहमदाबादच्या एका ग्राहकाला महिन्याला साडेपाचशे रुपयांच्या आसपास बिल यायचं, ते एका महिन्यात एकदम चोवीस हजारांवर आलं. तो ग्राहक मंचात गेला. कंपनीने जुन्या निकालाचा आधार घेतला. पण १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की फोनचा ग्राहक हा ग्राहकच आहे, त्याला ग्राहक आयोगाकडे जाता येईल. २०१९च्या नव्या ग्राहक कायद्यात तर सेवांच्या यादीत दूरसंचाराचं नावच घातलेलं आहे. आणि त्या जुन्या तार कायद्याच्या जागी डिसेंबर २०२३मध्ये नवा दूरसंचार कायदा झाला, तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे.

त्यानंतर २ ऑगस्ट २०२४ला ट्रायने सेवेच्या दर्जाचे नवे नियम काढले, १ ऑक्टोबरपासून ते लागू झाले. जिल्हाभर सेवा चार तासांहून जास्त बंद राहिली तर कंपनीने २४ तासांच्या आत ट्रायला कळवायचं. २४ तासांहून जास्त बंद राहिली, तर पोस्टपेडवाल्यांना भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्यांना मुदतवाढ. ही सूट १ एप्रिल २०२५पासून द्यायची. तारेच्या फोनचा बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही, तर त्याचीही भरपाई. शिवाय रेंज कुठे आहे आणि कुठे नाही, याचा नकाशा प्रत्येक कंपनीने आपल्या वेबसाईटवर ठेवायचा.

हे ऐकून आम्हाला आधी आनंद झाला. मग नीट वाचलं, तेव्हा तीन अडचणी दिसल्या. पहिली, हा नियम जिल्ह्याच्या मापाचा आहे. आमच्या खोऱ्यातला एक टॉवर चार दिवस बंद पडला तर रायगड जिल्हा बंद पडला असं होत नाही. दुसरी, नैसर्गिक आपत्तीत ही सूट नाही, आणि आमचा फोन जातो तो बहुतेक वेळा पावसातच. तिसरी, सूट मिळणार ती त्या जिल्ह्यात नोंद असलेल्या ग्राहकाला.

या तिसऱ्या गोष्टीवर आमची बैठक अडली. सीआरपीताईंनी विचारलं, "तुमचं सिम कुणाच्या नावावर आहे, हात वर करा." नवऱ्याच्या नावावर, मुलाच्या नावावर, दिराच्या नावावर, असे हात वर होत गेले. एकीचं सिम तर मुंबईला मुलाने त्याच्या खोलीच्या पत्त्यावर घेतलेलं. म्हणजे फोन हातात आमच्या, रिचार्ज आमच्या भाजीच्या पैशातून, आणि ग्राहक कागदावर दुसराच कुणीतरी. आमचं रेशन कार्ड, बँक पासबुक, गटाचं खातं आमच्या नावावर झालं, त्यासाठी वर्षं गेली. सिमकडे मात्र कुणी पाहिलंच नव्हतं.

आमच्यात एकाच वहिनींचं सिम त्यांच्या स्वतःच्या नावावर होतं. नवरा वारल्यावर मृत्यूचा दाखला देऊन त्यांनी ते नावावर करून घेतलं होतं, नाहीतर बँकेचा ओटीपी बंद झाला असता. त्या म्हणाल्या, "नवरा गेला तेव्हा मी गिऱ्हाईक झाले." कुणी काही बोललं नाही.

तक्रार त्यांच्याच नावाने करायचं ठरलं. आम्ही एक वही केली. रेंज कधी गेली, लाईट होती की नव्हती, कधी आली, एवढंच लिहायचं. दोन महिने लिहिलं. मग वहिनींनी १९८ला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "तुमच्या भागात काही अडचण दिसत नाही." वहिनींनी वहीतल्या तारखा एकेक वाचून दाखवल्या आणि डॉकेट नंबर मागितला. तो मिळाला. चार दिवसांनी मेसेज आला, तुमची तक्रार सोडवली आहे. रेंज त्या दिवशीही गेलेली होती. आधी आम्ही इथेच सोडून दिलं असतं. या वेळी मुलींनी बसून अपील लिहिलं. वहीची पानं फोटो काढून जोडली. कंपनीच्या नकाशावर आमची वाडी रेंजमध्ये दाखवली होती, त्याचाही फोटो जोडला.

महिन्याभराने दोन माणसं टॉवरवर आली. त्यांनीच सांगितलं, बॅटऱ्या केव्हाच संपलेल्या होत्या. त्या बदलल्या. मैत्रिणींनो, आमची रेंज काही कायमची आली असं समजू नका. रात्रभर लाईट गेली तर पहाटे फोन अजूनही जातो. भरपाई काहीच मिळाली नाही. पण आधी लाईट गेली की थोड्याच वेळात रेंज जायची, आता ती पाच-सहा तास टिकते. भोंगा वाजला तर निदान एक फोन लागेल. तो एक फोन आम्हाला त्या रात्री हवा होता.

म्हणून आज तुम्हाला सांगायचं ते थोडक्यात असं.

सिम स्वतःच्या नावावर करून घ्या, आपल्या गावच्या पत्त्यावर. तुमच्या नावावर किती सिम आहेत, हे सरकारच्या संचार साथी पोर्टलवर पाहता येतं. गटाची एक वही ठेवा आणि तारीख, वेळ लिहा. १९८वर तक्रार करताना डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तक्रार न सोडवता बंद केली, तर ३० दिवसांत अपील करा. त्यानेही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे. आणि शेवटी अलिबागला जिल्हा ग्राहक आयोग आहे. जिथे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, आणि पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणात दाखल करायला फी नाही. पोलादपूरहून अलिबाग म्हणजे दिवस मोडतो, हे आम्हाला माहीत आहे. पण तक्रार ऑनलाईनही दाखल होते. अर्थात रेंज असेल तेव्हा.

ग्रामसभेतही हा विषय घ्या. पावसाळ्याच्या आधी टॉवरच्या बॅटऱ्या आणि डिझेल तपासलं का, हे ग्रामपंचायतीने कंपनीला लेखी विचारावं. आपत्तीत भरपाई नाही असं नियम म्हणतो, पण आपत्तीच्या आधी तयारी करू नका असं कुठलाही नियम म्हणत नाही.

आमच्या आज्या तार आली की रडायच्या, आणि ती कुणी पाठवली, किती उशिरा आली हे विचारायच्या नाहीत, कारण ते त्यांचं नव्हतंच. आता फोन आपला आहे, पैसे आपले आहेत. नावही आपलं करून घेऊ.

तुमच्या गावात रेंज कधी जाते, ते आम्हाला लिहून कळवा. फोन लागला नाही तर एसटीने येणाऱ्या माणसाबरोबर चिठ्ठी पाठवा, ती पोचते. नमस्कार.